नखांतला निळा गुलाल

एप्रिल लागला की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक वाक्य फिरू लागतं: ‘जयंती नाचून नको, वाचून साजरी करा.’ सोबत हातात पुस्तक घेतलेल्या बाबासाहेबांचा फोटो. पाठवणारे बहुतेक शिकलेले, नोकरीधंद्यात स्थिरावलेले, समाजाबद्दल मनापासून कळकळ असलेले लोक असतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे आणि कितीतरी वर्षं मीही त्याच मताची होते. आता नाही. मी कोण आहे ते मला वाचनानं सांगितलं, हे खरंच. पण जे कळलं ते घेऊन चारचौघांत उभं राहायचं बळ मला रस्त्यावर मिळालं, मिरवणुकीतल्या संदलच्या, म्हणजे ढोल-ताशांच्या पथकाच्या, ठेक्यावर घामाघूम होऊन नाचताना. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं घर नागपूरच्या इंदोऱ्यात, आंबेडकरी वस्तीत, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. आजोबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून नागपुरात आले आणि एम्प्रेस मिलमध्ये लागले. टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या या गिरणीवर आमच्या वस्त्यांतल्या कितीतरी चुली पेटायच्या. पाळी करून आजोबा घरी आले की आधी चहा आणि मग वाचन. शाळा चौथीतच सुटलेली, पण ओळीखाली बोट सरकवत ते मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही पोरं समोर बसून ऐकायचो. पुढं बाबांनी शासनानं काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड जमवले. दिवाळीचा बोनस आला की कपड्यांआधी पुस्तकं यायची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांची मांडणी. कुणी पाहुणा आला की बाबा त्याला चहा द्यायच्या आधी एखादा उतारा वाचून दाखवायचे.

त्या घरात नाच नव्हता. लग्नाच्या वरातीत मुलं नाचायची, आम्ही मुली बाजूनं चालायचो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नाव दिलं तर आजी दुसऱ्या दिवशी ते मागं घ्यायला लावायची. वक्तृत्व स्पर्धेला जा, निबंध लिही, पण नाच नाही.

याचं कारण आजीच्या माहेरात होतं. तिच्या गावात पाटलाकडं लग्न निघालं की तिच्या वडलांना वाजवायचं बोलावणं यायचं. बोलावणं कसलं, हुकूमच तो. अंगात ताप असो की घरात आजारी माणूस, जावं लागायचं. मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं आणि पंगती उठल्यावर उरलंसुरलं मागून आणायचं. लहानपणी आजी डोक्यावर टोपली घेऊन ते अन्न आणायला जायची. म्हातारपणी ती पुष्कळ गोष्टी विसरत चालली होती, पण त्या टोपलीचा विषय निघाला की तिचा आवाज कापायचा. ‘आपल्याले कोणाच्या दारी वाजवाचं नाही अन् कोणापुढं नाचाचं नाही,’ हे तिचं वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो.

हे एकट्या आजीचं म्हणणं नव्हतं. गावोगावच्या आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं, गावकीची कामं नाकारली, वाजवायचं नाकारलं, आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. महाडच्या सत्याग्रहासाठी एका नामांकित तमासगिरानं खेळांचं उत्पन्न देऊ केलं होतं. आमच्या बायका नाचवून आलेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी तो घेतला नाही, ही आठवण आंबेडकरी घरांत आजही सांगतात. आजीच्या पिढीसाठी न नाचणं हेच धाडस होतं. दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी वापरलं गेलेलं अंग त्यांनी आवरून घेतलं. ‘नाचून नको’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यामागं हा सगळा इतिहास आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

शिक्षण संपलं आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका खाजगी कंपनीत मी हिशेबाच्या कामाला लागले. ‘राहता कुठं?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. नागपुरात या प्रश्नाला फार अर्थ असतो. महाल म्हटलं की ऐकणाऱ्यापुढं एक चित्र उभं राहतं, धंतोली म्हटलं की दुसरं, आणि इंदोरा म्हटलं की त्याला आडनाव विचारायची गरज उरत नाही. मी सांगायची, ‘जरीपटक्याच्या बाजूला.’ ते खोटं नव्हतं. जरीपटका आम्हाला लागूनच आहे, सिंधी लोकांची मोठी वसाहत, कापडाची दुकानं, गजबजलेला बाजार. ऐकणारा मान हलवायचा आणि विषय तिथंच थांबायचा. पण दरवेळी ते सांगताना माझे खांदे थोडे आत ओढले जायचे, हे मला जाणवायचं.

असं बरंच काही होतं. नवरात्रात सगळ्या जणी नऊ रंगांच्या साड्यांचं ठरवायच्या आणि ‘तुमच्यात घट बसतात का?’ असं कुणी सहज विचारलं की मी फाइल उघडून बसायची. डब्याच्या वेळी आरक्षणावर बोलणं निघायचं. बोलणारे माझ्याशी एरवी चांगलेच वागायचे, म्हणून आणखी अवघड व्हायचं. दुपारी भावाचा फोन यायचा. तो पलीकडून खणखणीत ‘जय भीम, ताई’ म्हणायचा आणि मी इकडून म्हणायची, ‘हं, बोल.’

‘जय भीम’ म्हणायची रीत घातली ती आमच्या शेजारच्या कामठीच्या माणसानं, बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी. 1904 चा जन्म. विडी कामगारांना संघटित केलं, 1937 च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि 1939 च्या जानेवारीत, अवघ्या 35 व्या वर्षी गेले. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे आणि दर जानेवारीत तिथं लोक जमतात. बाबा मला लहानपणी तिथं घेऊन गेले होते. या माणसावर मी अर्धा तास न थांबता बोलू शकले असते. वक्तृत्व स्पर्धेत बोललेही होते, बक्षीस मिळालं होतं. आणि ऑफिसातल्या खुर्चीत बसून त्यांनी दिलेले दोन शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते.

याचा मी खूप विचार केला आहे. मला माहिती कमी नव्हती, अभिमानही कमी नव्हता. भीती डोक्यात असती तर पुस्तकांनी केव्हाच काढली असती. ती मानेत होती, घशात होती, खाली झुकणाऱ्या नजरेत होती. खेड्यातल्या मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माझ्या पणजोबांच्या अंगात जी वाकण्याची सवय घातली गेली, ती पिढ्यांतून उतरत माझ्या खांद्यांपर्यंत आली होती. घटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता संपवली त्याला माझ्या जन्माआधी कितीतरी वर्षं झाली होती. पण कायद्याचा कागद खांद्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं असं मला ठामपणे वाटतं. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत ते बायकांशी बोलले तेव्हा लुगडं कसं नेसायचं यावर बोलले. अस्पृश्य बाई म्हणून लांबून ओळखू येईल असं आखूड लुगडं नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा; गळ्यातले आणि हातापायांतले ते जड दागिने टाकून द्या. इतका मोठा विद्वान, घटनेची आणि अर्थशास्त्राची पुस्तकं वाचलेला माणूस, नेसण्याबद्दल बोलतो! आणि त्या परिषदेला आलेल्या बायका दुसऱ्या दिवशी नवीन पद्धतीनं नेसून आल्या. नेसणं बदललं की चाल बदलते, चाल बदलली की नजर वर येते. हे बाईच्या अंगाला कळतं, त्यासाठी भाषण पुरत नाही.

तर मी नाचले ती रात्र 13 एप्रिलची.

बाहेरच्या लोकांसाठी सांगते, नागपुरात जयंती 13 च्या रात्रीच सुरू होते. अंधार पडला की उत्तर नागपूर घरात राहत नाही. इंदोरा, कमाल चौक, बेझनबाग, वैशाली नगर, टेका नाका, सगळीकडून लोक बाहेर पडतात आणि कामठी रोडनं कडबी चौक, गड्डीगोदाम, एलआयसी चौक करत संविधान चौकाकडं निघतात. तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे. बाराच्या ठोक्याला तिथं हजर असायचं, अशी सगळ्यांची धडपड. दिवसा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, रात्रीही डांबर गरमच असतं. जागोजाग मंडप, पाण्याचे पाऊच, सरबत, मसाला भात, कुणी बुंदीचं ताट घेऊन उभं. घरी असलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी लोक पत्रावळ झाकून नेतात.

आम्ही दरवर्षी बाबांसोबत जायचो ते रस्त्याच्या कडेनं, पुतळ्याला वंदन करून परत. त्या वर्षी बाबांचे गुडघे दुखत होते म्हणून मी मामेबहिणीबरोबर निघाले. ती वस्तीत पोरांच्या शिकवण्या घेते आणि कशालाच घाबरत नाही. आमच्या वस्तीच्या मंडळानं संदल लावली होती. डीजे सगळीकडं असतो, संदल ही आमच्या विदर्भाकडची खास चीज. एका गाडीवर कॅसिओ आणि ऑक्टोपॅड, मागं जनरेटर, आणि गाडीपुढं गळ्यात ढोल-ताशे अडकवलेली पोरं. कॅसिओवाला भीमगीताची चाल धरतो आणि पोरं तिच्यावर ठेका चढवत नेतात. आधी सावकाश. मग ताशा एकटा पुढं येतो, त्याच्या बारीक काड्या इतक्या भरभर पडतात की वेगळ्या ऐकूच येत नाहीत, आणि मग ढोल त्याला एकदम येऊन मिळतात. तो मिळण्याचा क्षण छातीत कळतो, कानांना नंतर.

गड्डीगोदामला रस्ता रेल्वेच्या पुलाखालून जातो. आता त्याच्या वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे, पण खाली तोच जुना बोळ. आमची संदल त्या पुलाखाली शिरली आणि आवाज चारी बाजूंनी परत आमच्यावर आला. गर्दी दाटली होती, पुढं सरकायला जागा नव्हती. पन्नाशीच्या एक बाई, पांढरी साडी, निळी किनार, पदर कमरेला खोचलेला, माझ्या पुढं होत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी नाचू लागल्या. नाचायला येत होतं असं नाही. पाय ठेक्यात पडत होते आणि हात वर होते, एवढंच. पण त्यांची मान! मागं टाकलेली, डोळे मिटलेले, कपाळावर निळा गुलाल घामानं ओघळलेला. त्यांना कुणी बघतंय का याची त्यांना काही फिकीर नव्हती. मामेबहिणीनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘कायले लाजून रायली? इथं कोण आहे परका?’

मी इकडं तिकडं पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. त्या पुलाखाली मला ‘राहता कुठं?’ विचारणारं एकही माणूस नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं मी कुठली.

पाय आधी हलले. मी ठरवलं नव्हतं. मग कंबर, मग खांदे. खांदे वर गेले आणि पहिल्यांदा मला कळलं की ते इतकी वर्षं किती खाली होते. हात वर करायला मला सर्वांत उशीर लागला. हात वर केला की बाई झाकली जात नाही, सबंध दिसते, म्हणून आमच्यासारख्या मुली हात वर करत नाहीत. त्या बाईंनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, हसल्या आणि मुठीतला गुलाल माझ्या दोन्ही हातांना फासला. मग ते हात वर गेले. कुणीतरी घोषणा दिली आणि तिला उत्तर देताना माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. ‘जय भीम!’ पुलाखाली तो घुमला. मी पुन्हा म्हटलं. संविधान चौकात पोचेपर्यंत म्हणत राहिले. बारा वाजता आतषबाजी झाली तेव्हा माझा आवाज बसला होता.

घरी आले तेव्हा पहाट होत आली होती. आजी दारातल्या खाटेवर जागीच होती. माझे निळे हात, निळं तोंड, विस्कटलेले केस पाहून ती उठून बसली. मला वाटलं आता बोलेल. ती बराच वेळ पाहत राहिली आणि तिनं एकच विचारलं,

‘कोणापुढं नाचून रायली होती व?’

‘कोणापुढं नाही, आजी. आपल्याच लोकांत.’

‘कोणी पैशे फेकले काय?’

‘नाही.’

‘कोणी बोलावलं होतं?’

‘नाही आजी. आम्हीच गेलो.’

ती पुन्हा आडवी झाली. ‘मंग नाच,’ म्हणाली.

तिनं चार प्रश्नही पुरते विचारले नाहीत, पण ‘नाचून की वाचून’ या वादाचं उत्तर मला त्यांतच मिळालं. नाच कधीच वाईट नव्हता. हुकमावरचा नाच वाईट होता. पाटलाच्या मांडवाबाहेर वाजवणाऱ्या माणसाची पणती स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या बापाच्या जयंतीला, शहरातल्या सर्वांत मोठ्या रस्त्यावर नाचते, तेव्हा ती आजीनं पाळलेला नियम मोडत नाही. तिनं ज्यासाठी तो पाळला ते हेच होतं.

14 ला सुट्टी होती. 15 ला ऑफिसला गेले. तोंड धुऊन निघालं होतं, केस धुतले होते, पण निळा गुलाल नखांच्या कडांत बसतो आणि चार-पाच दिवस निघत नाही. कीबोर्डवर माझी दहाही बोटं निळी. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, ‘अगं, हे काय? शाई सांडली का?’ शाई म्हणता आलं असतं. मी म्हटलं, ‘जयंतीचा गुलाल आहे. इंदोऱ्याहून संविधान चौकापर्यंत नाचत गेलो आम्ही.’ हे सांगताना खांदे आत गेले नाहीत, ते मी मुद्दाम पाहिलं. त्या ‘अच्छा’ म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आभाळ कोसळलं नाही. दुपारी भावाचा फोन आला तेव्हा मी आधी म्हटलं, ‘जय भीम.’

सगळं सरळ झालं असं नाही. ऑफिसातली काही माणसं नंतर जपून बोलू लागली, एकदोघांनी डब्याला बसायची जागा बदलली. एका वरिष्ठानं ‘तुम्ही तशा वाटत नाही हं’ असं कौतुकानं म्हटलं. पूर्वी अशा वाक्यानंतर मी आतल्या आत आक्रसून जायची. आता विचारते, ‘तशा म्हणजे कशा?’ आणि उत्तराची वाट बघते. वाट बघायला बळ लागतं, आणि ते माझ्यात पुस्तकांमुळे आणि पुलाखालच्या त्या ठेक्यामुळे, दोन्हींमुळे आलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, हेच मला पटत नाही. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जा. ज्या भूमीवर 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तिथं दरवर्षी पुस्तकांचे स्टॉल रांगेनं लागतात. खेड्यातून आलेली, पायात धड चप्पल नसलेली माणसं गठ्ठ्यानं पुस्तकं विकत घेतात. आणि त्याच रांगेत भीमगीतांचेही स्टॉल असतात, पूर्वी कॅसेट, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात गाणी, असाच माणूस तिथून परत जातो. अक्षर न येणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांपर्यंत बाबासाहेब पोचले ते जलशांतून, वामनदादा कर्डकांसारख्या कवींच्या गाण्यांतून. गाणं नसतं तर वाचणारी पिढीच तयार झाली नसती, असं मी छातीठोकपणे म्हणेन.

डीजेबद्दल मात्र माझा राग आहे आणि तो मी मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवते. रात्री दहानंतरच्या आवाजाचे नियम आपल्यासाठीही आहेत. घटना लिहिणाऱ्याच्या जयंतीला कायदा मोडणं शोभत नाही. भिंती हादरवणाऱ्या त्या पेट्यांपुढं माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, मग घोषणा कशाची द्यायची? संदलमध्ये, ढोल-ताशात, लेझमीत माणसाचा हात असतो. वाजवणारा थकतो, थांबतो, पाणी पितो, तेवढ्यात बायका गाणं धरतात. यंत्र थकत नाही म्हणून गाणं धरायला जागाच मिळत नाही. आणि दारू पिऊन मिरवणुकीत शिरणाऱ्यांना बाहेर काढलंच पाहिजे, कारण त्यांच्यापायी मुली कडेला ढकलल्या जातात. मुली कडेला गेल्या तर कसली जयंती? याच शहरात 1942 च्या जुलैमध्ये दलित महिलांची परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका आल्या होत्या, आणि समाज किती पुढं गेला ते मी त्यातल्या बायका किती पुढं गेल्या यावरून मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. त्या मापानं आजची मिरवणूक मोजावी.

काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्यानं मला समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची प्राइड मिरवणूक बघायला बोलावलं. नागपुरात सारथी ट्रस्टसारख्या संस्थेच्या कामातून हे लोक उघडपणे एकत्र येऊ लागले आहेत. मिरवणुकीत ढोल होता. सातरंगी झेंडे, तुऱ्याचे फेटे, नऊवार नेसून दागिन्यांनी मढलेले पुरुष, भांगात सिंदूर भरलेल्या तृतीयपंथी बाया, आणि सगळे नाचत होते. माझ्या शेजारी एक मुलगा रंगीत मुखवटा लावून नाचत होता. मुखवटा पूर्ण तोंड झाकणारा. घरच्यांना कळू नये म्हणून, असं सहकाऱ्यानं हळूच सांगितलं. माझ्या पोटात कालवलं. ‘जरीपटक्याच्या बाजूला’ म्हणणारी मी मला त्या मुखवट्यामागं दिसले.

त्यांची वाट आमच्यापेक्षा वेगळी आहे. आम्हाला निदान घरी परतल्यावर लपावं लागत नव्हतं. त्यांतल्या पुष्कळांना घरातच सगळ्यांत जास्त लपावं लागतं. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी लोकांची ओळख मान्य केली, 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. त्या 2018 च्या निकालात न्यायाधीशांनी बाबासाहेबांचा आधार घेतला आहे, घटना समितीत 4 नोव्हेंबर 1948 ला त्यांनी मांडलेल्या संविधानिक नैतिकतेच्या विचाराचा. लोकांना काय रुचतं यापेक्षा घटना काय सांगते ते मोठं, असा त्याचा गाभा. म्हणजे तो मुखवट्यातला मुलगाही बाबासाहेबांच्याच सावलीत नाचत होता, त्याला ते माहीत असो वा नसो. पण कायदा झाला तरी त्याचे खांदे अजून कायद्यापर्यंत पोचले नव्हते. ते ढोलाच्या ठेक्यावर थोडे थोडे वर येत होते. मी त्याच्या बाजूला नाचले. ओळख नाही, बोलणं नाही. दमल्यावर त्यानं मुखवटा हनुवटीच्या वर थोडा सरकवून पाणी प्यायलं, आणि पुन्हा खाली ओढला. तेवढंच त्या दिवशी त्याला जमण्यासारखं होतं, आणि तेवढं जमलं.

काही चांगले लोक म्हणतात, ओळख मिरवायची कशाला? आपण सगळे माणसंच ना? मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण ज्याची ओळख कधी लपवावी लागली नाही त्याला मिरवण्याची गरज कळणं कठीण आहे. वर्षभर जी गोष्ट आपण दातांखाली दाबून धरतो, ती वर्षातून एकदा हजारो माणसांत, वाजतगाजत, अंगभर बाहेर काढता आली तर उरलेलं वर्ष मान वर ठेवायला बळ पुरतं. एकट्यानं खोलीत कितीही ठरवलं तरी हे जमत नाही. शेजारी नाचणारी बाई लागते, जिला तुम्ही कुठल्या हे आधीच माहीत असतं.

आजी आता नाही. गेली त्याच्या आदल्या एप्रिलात आम्ही तिला खुर्चीवर बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं होतं. पांढरी साडी नेसली होती, दीक्षेच्या दिवशी नेसली होती तशीच हवी म्हणून हट्ट धरला होता. संदल समोर आली तेव्हा तिचा उजवा पाय खुर्चीच्या दांडीवर ठेका धरत होता. मी तिच्याकडं पाहिलं तर म्हणाली, ‘माह्याकडं काय पाहून रायली? तू नाच न!’

यंदा आमच्या वस्तीतल्या बायकांनी स्वतःचं लेझीम पथक काढायचं ठरवलं आहे. सराव विहाराच्या अंगणात, वंदना झाल्यावर. वेळेवरून बरीच भांडणं झाली. धुणीभांडी करणाऱ्यांना साडेसात परवडत नाही, शिक्षिकांना साडेआठ उशीर होतो, शेवटी आठ ठरले. पहिल्या दिवशी निम्म्या जणी नुसत्या बसून पाहत होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांतल्याही बऱ्याच उठल्या. साठीच्या एक मावशी आहेत, मिलमधल्या कामगाराच्या बायको, त्यांना लेझमीचा चौथा हात नीट बसत नाही. पण त्यांनी कुणालाही पुढच्या रांगेतली आपली जागा दिलेली नाही. सरावाआधी अर्धा तास कुणीतरी वाचून दाखवायचं, हीही अट आम्ही घातली आहे. सध्या महाडचं भाषण चालू आहे.

परवा पुण्याहून माझ्या भाचीचा फोन आला. आयटीत आहे, जयंतीला येते आहे. जरा थांबून म्हणाली, ‘मावशी, माझ्यासोबत एक मैत्रीण आणू का? ती आपल्यातली नाही. आणि... मैत्रीण म्हणजे तशी.’

मी म्हटलं, ‘घेऊन ये. पण सरावाला दोन दिवस आधी या दोघी, हात बसायला वेळ लागतो. मी उद्या इतवारीत जातेच आहे, लेझमी दोन जास्तीच्या घेते.’